उद्याच्या तासाला हे पान चालेल का? विज्ञानाच्या साइट पारखण्याची माझी रीत

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी एक व्हिडिओ लावला. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं आणि खाली अक्षरं येतात: मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “बाई, मेणबत्त्या तीन लावल्या तर?” मी छातीठोकपणे म्हणाले, “तेवढंच चढणार. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच ना!” मधल्या सुट्टीत चौघींनी करून पाहिलं. तीन मेणबत्त्यांना पाणी कितीतरी जास्त चढलं.

खरं घडतं ते असं. ग्लास उपडा घालताना ज्योतीजवळची हवा तापून फुगलेली असते. थोडी तर कडेने बुडबुडे होऊन निसटूनही जाते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर झरझर चढतं. मेणबत्त्या जास्त तर तापलेली हवा जास्त, चढणारं पाणीही जास्त. ऑक्सिजन सगळा संपत नाहीच. बराच शिल्लक असताना ज्योत मान टाकते आणि जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतात. एक पंचमांशाचा मेळ हा निव्वळ योगायोग.

ती साइट दिसायला देखणी होती. लेखकाच्या नावापुढे पदवी, खाली संपर्काचा पत्ता, जाहिरात एकही नाही. साइट तपासायच्या कसोट्यांची यादी प्रशिक्षणात मिळते, ती घेऊन बसले असते तर मी तिला दहापैकी नऊ गुण दिले असते. तेव्हापासून अख्ख्या साइटला गुण देणं मी सोडलं. आता एक पान घेते, त्याला वीसेक मिनिटं देते आणि खालच्या क्रमाने जाते. पहिल्या दोन पायऱ्यांतच निम्मी पानं गळतात, त्यामुळे हे वाटतं तेवढं वेळखाऊ नाही.

आधी काम ठरवा, मग शोधा

“प्रकाशावर चांगली साइट” असं शोधलंत तर चाळीस साइट सापडतील आणि चाळीसही बऱ्या वाटतील. त्याऐवजी एका ओळीत काम लिहा: “दहावी, बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू सरकवली की प्रतिमा कुठे जाते हे मुलांनी स्वतः सरकवून पाहायचं आहे.” आता परिच्छेदांनी भरलेलं पान आपोआप बाद होतं, व्हिडिओही बाद होतो, कारण त्यात सरकवणारा दुसराच कोणीतरी असतो. उरतात हाताळता येणारी सादृश्यं, म्हणजे पडद्यावर आपल्या हाताने चालवायचे प्रयोग (सिम्युलेशन). फळ्यावर जे अधिक चांगलं जमतं त्यासाठी साइट शोधूच नये, असं माझं मत आहे. किरणाकृती खडूने काढतानाच मुलांना कळते.

पान उघडलं की लगेच बाहेर पडा

हे ऐकायला उलटं वाटतं, पण सगळ्यात जास्त उपयोग याच पायरीचा होतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी संगणकासमोर बसवले. दाखवलेल्या साइटांमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची मोठी संस्था. दुसरी २००२ साली समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाच्या प्रश्नावरून फुटून निघालेला छोटा गट. दोन्हींची नावं सारखीच भारदस्त, मांडणी तितकीच नेटकी. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्या पानांवरच रेंगाळले: रचना, बोधचिन्ह, ‘आमच्याविषयी’ हा मजकूर वाचत बसले आणि त्यातले अनेक फसले. तपासनीसांनी काही सेकंदांत दुसरी टॅब उघडून संस्थेचं नाव शोधलं, इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते पाहिलं आणि मग परत आले.

लग्नाचं स्थळ आपण असंच बघतो की. मुलाच्या घरचे मुलाबद्दल काय सांगतात त्यापेक्षा शेजारीपाजारी काय सांगतात ते आधी विचारतो. ‘आमच्याविषयी’ म्हणजे मुलाच्या घरच्यांनी छापलेली पत्रिका.

तर, नवी टॅब. साइटचं किंवा संस्थेचं नाव टाका. तिच्या स्वतःच्या साइटवरचे निकाल वगळून दुसरे तीन-चार वाचा. एखाद्या विद्यापीठाने, संशोधन संस्थेने, वर्तमानपत्राने तिचा उल्लेख केला आहे का? पैसा कोणाचा? शीतपेयाच्या कंपनीने दंतआरोग्यावर चालवलेलं पान चूकच असेल असं नाही, पण मग दुसरं पान सोबत ठेवायचं. पत्त्याच्या शेपटावर मात्र फार विसंबू नका. डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एसी डॉट इन सहजासहजी मिळत नाही, हे खरं. डॉट ऑर्ग मात्र पैसे भरून कोणालाही मिळतं. शिवाय विद्यापीठाच्या पत्त्यावर एखाद्या प्राध्यापकांचं वैयक्तिक पानही असू शकतं, आणि ते त्यांच्या विषयाबाहेरचंही असू शकतं.

आपल्या अंगणातला प्रश्न विचारा

पान कोण चालवतं ते कळलं. आता ते बरोबर आहे का? प्रत्येक विषयात मी तज्ज्ञ नाही, पण काही गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि पानाची कसोटी तिथेच लागते.

खगोलाच्या पानांसाठी माझा ठरलेला प्रश्न दुपारच्या सावलीचा. युरोप-अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेल्या पानांवर हमखास असतं: “भर दुपारी सावली नेहमी उत्तरेला पडते, सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.” त्यांच्याकडे ते खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर एक दिवस सूर्य माध्यान्हाला ऐन डोक्यावर येतो, उभ्या बाटलीची सावली बुडाखाली जाते. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. मग पुन्हा एकदा शून्य सावली. पावसाळ्यामुळे ही दुसरी संधी सहसा हुकते. चंद्राच्या कोरीचंही तेच. परदेशी चित्रांत ती कंसासारखी उभी. आपल्याकडे, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, ती होडीसारखी आडवी दिसते. अशी पानं टाकून द्यायची नाहीत. पान स्वतःच “आमच्या अक्षांशावर” असं म्हणत असेल तर ते चांगलं पान. म्हणत नसेल तर ती अट तुम्ही सांगायची.

ऋतूंचं पान असेल तर एवढंच पाहा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ केव्हा असते? उत्तर आहे जानेवारीची सुरुवात, म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा. ज्या पानावर उन्हाळ्याचं कारण अंतर दिलं आहे ते लगेच बंद करा. विमानाच्या पंखाचं पान असेल तर “वरची आणि खालची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचावी लागते” हे वाक्य शोधा. असा कुठलाही नियम नाही. जिभेच्या नकाशावर गोड टोकाला आणि कडू मुळाशी असे कप्पे पाडलेले असतील तर मुलांना साखर जिभेच्या कडेला लावून बघायला सांगा.

सगळ्यात आवडती कसोटी लोणारची. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर बेसाल्टमध्ये आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याचं वय काही पानं ५२ हजार वर्षं सांगतात, काही ५ लाख ७० हजार. मुलं विचारतात, कोणती साइट खोटी? दोन्ही नाहीत. पहिला आकडा औष्णिक दीप्तीच्या पद्धतीने काढलेला, दुसरा नंतरच्या आर्गॉन कालमापनातला. एकच आकडा ठोकून देणारं पान मी दुय्यम मानते. आकडा कसा मोजला ते सांगणारं पान वर्गात नेते. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा याच कसोटीवर डझनभर पानं गडगडली. कुठे चमत्कार होता, कुठे उल्केतून निघणारे किरण. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आल्याचं सांगितलं. ज्या पानावर ‘नमुने कोणी तपासले’ एवढं तरी आहे, तेच ठेवा.

पानाचं वय काढा

खाली छापलेल्या वर्षावर जाऊ नका, ते दर जानेवारीला आपोआप बदलतं. मजकूरच वय सांगतो. नऊ ग्रह असतील तर पान २००६ च्या आधीचं, किंवा तिथून उतरवलेलं. आवर्तसारणीत ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नाव नसेल तर २०१६ च्या आधीचं. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा, असं वर्तमानकाळात लिहिलं असेल तर २० मे २०१९ पासून ते चूक आहे. आता त्याची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. शनीचे चंद्र तर तारखेचा शिक्काच आहेत: मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्यांची भर पडून आकडा २७४ झाला.

जुनं म्हणजे टाकाऊ, असं मात्र नाही. न्यूटनच्या नियमांवरचं पंचवीस वर्षांपूर्वीचं साधं, चित्रंही नसलेलं पान आजच्या चकचकीत पानापेक्षा सरस असू शकतं. मराठी विश्वकोशाचंही तसंच. पहिला खंड १९७६ चा. जुन्या खंडांतल्या नोंदींची भाषा, व्याख्या आणि व्युत्पत्ती आजही दुसरीकडे मिळत नाहीत. फक्त ग्रह-उपग्रह, जनुकं, संगणक असल्या धावत्या विषयांत नोंद केव्हाची ते पाहून घ्यावं.

मराठी कोणाची आहे ते ऐका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबते, कारण चूक विज्ञानाची नसते आणि मुलं तरीही चुकतात.

दोन वर्गांना मी आम्ल-आम्लारीवरचा एक हिंदी व्हिडिओ दाखवला. उत्तम प्रयोग, स्वच्छ आवाज. त्यात “अम्ल और क्षार मिलकर लवण और जल बनाते हैं” असं वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एकीत सापडलं: आम्ल + क्षार → क्षार + पाणी. मुलाने ऐकलेलंही लिहिलं होतं आणि पुस्तकातलंही. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात क्षार म्हणजे हिंदीतलं लवण. आणि त्यांच्या क्षाराला आपण म्हणतो आम्लारी. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्षार बसला, आणि दोष माझा होता. तसंच पेशीचं. आपली पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. त्यांची पेशी म्हणजे आपला स्नायू. म्हणून हिंदी साहित्य वापरण्याआधी एक छोटा तक्ता फळ्याच्या कडेला काढून ठेवते, मगच व्हिडिओ.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे: यंत्राने भाषांतर केलेली “मराठी” पानं. वरवर वाचताना ती खपून जातात. ओळखायची युक्ती अशी की, इंग्रजीत ज्या शब्दांना दोन अर्थ आहेत (करंट, सोल्यूशन, सेल) ते मराठी पानात शोधायचे. तारेतून ‘वर्तमान’ वाहत असेल, मिठाचा संपृक्त ‘उपाय’ तयार होत असेल, बॅटरीत ‘कोरडी पेशी’ बसवलेली असेल, तर त्या पानावरून मराठी माणसाची नजर फिरलेली नाही. विद्युतधारा, द्रावण, विद्युत घट हे शब्द जिथे सहज येतात तिथे कोणीतरी शिकवणारं बसलेलं असतं. हे शोधणं मुलांना भारी आवडतं. ‘संपृक्त उपाय’ आमच्या शाळेत आता विनोदाचा शब्द झाला आहे.

चित्राची उलटतपासणी

दर दिवाळीला एक चित्र फिरतं: अवकाशातून भारत, रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेला, ‘नासाने टिपलेली दिवाळी’. ते एका रात्रीचं चित्र नाहीच. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून २००३ साली शास्त्रज्ञांनी ते केलं होतं, वस्ती कशी वाढली ते दाखवायला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे. निळे, हिरवे आणि लाल अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसलेले. नासाने नोव्हेंबर २०१२ मधलं दिवाळीतल्या रात्रीचं खरं चित्रही नंतर दिलं. ते एरवीच्या रात्रीसारखंच दिसतं. पणत्यांचा जादा उजेड तिथून जाणवत नाही.

म्हणून चित्रावर दाबून धरून उलटा शोध घ्यायचा, मूळ कुठलं ते पाहायचं. आणि प्रत्येक आकृतीला एक प्रश्न: प्रमाण खरं आहे का? सूर्यमालेचं जवळजवळ प्रत्येक चित्र प्रमाणात खोटं असतं, त्याला इलाजही नाही. ‘आकृती प्रमाणात नाही’ एवढे शब्द खाली आहेत की नाहीत, यावर मी पान जोखते. शिरांमधलं निळं रक्तही असंच; निळा रंग आकृतीच्या सोयीचा आहे हे न सांगणारं पान पुढची पंधरा वर्षं नडतं.

प्रयोग आधी आपल्या हाताने

मेणबत्तीनंतर माझा नियम: जो प्रयोग मी केला नाही तो वर्गात नाही. प्रमाण दिलं आहे का, ‘चमचाभर’ म्हणजे कोणता चमचा, फसला तर काय दिसतं, हे लिहिणारी पानं कमी आहेत आणि तीच खरी. घरगुती विजेला हात लावायला सांगणारं, किंवा मोठं माणूस सोबत हवं याचा उल्लेख नसलेलं आगीचं प्रात्यक्षिक, सरळ बाद.

२ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी, शाळेच्या दिवशी, पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. त्याच्या आधी मुलं फोन काढून ‘ग्रहण कसं पाहावं’ शोधणारच. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, काळा चष्मा, ताटातलं पाणी यांतलं एकही सुचवणारं पान दाखवू नका, ते कितीही मोठ्या नावाचं असो. आयएसओ १२३१२-२ मानकाचे चष्मे किंवा पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर पाडलेली प्रतिमा, एवढंच. ढग असतील तर प्रश्नच मिटला.

शाळेचा टीव्ही, शाळेचं नेट

घरच्या वायफायवर चाललेलं पान शाळेत माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर गोल गोल फिरत बसतं. आदल्या दिवशी शाळेतच लावून बघा. जुन्या पानांवरचे हलते प्रयोग फ्लॅशवर चालायचे. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडलं, तिथे आता राखाडी चौकोन दिसतो. मुलांचं नाव, फोन, ईमेल मागणारी साइट मी टाळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. जाहिराती तर शाळेच्या टीव्हीवर भलत्याच वेळी उगवतात. ऑनलाइन रमीची जाहिरात पेशीविभाजनाच्या मध्येच आली होती. पुढची दहा मिनिटं गेली.

या सगळ्यातून उरलेली माझी शिदोरी छोटी आहे. हाताळायच्या सादृश्यांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेलं, बरीच सादृश्यं मराठीत, आणि उतरवून नेटशिवाय चालणारी. भिंगाचं काम तिथेच झालं. टाकाऊतून प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांची साइट. मुलांच्या गैरसमजांवर वाचायचं असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्य. विकिपीडिया मी उत्तरासाठी नाही, तळटीपांसाठी उघडते. मराठी नोंद दोन ओळींची असेल तर इंग्रजीतली तळटीप बघून मूळ ठिकाणी जाते. यांपैकी कोणाचंही पान वरच्या पायऱ्यांतून सुटत नाही.

मुलांच्या हाती

आठवीनंतर हे काम मुलांना करू द्या. सुरुवातीला मी त्यांना झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची साइट देते. १९९८ पासून चालू असलेली ही थट्टा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जंगलातला दुर्मीळ प्राणी, त्याचे फोटो, त्याला वाचवण्याची कळकळीची विनंती, सगळं आहे. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी सातवीच्या, वाचनात हुशार मुलांना ती दाखवली तेव्हा जवळपास सगळ्यांचा विश्वास बसला होता. माझ्या वर्गात एकाने मात्र हात वर केला: “बाई, ऑक्टोपस कल्ल्यांनी श्वास घेतो ना? मग झाडावर?” त्याने कुठलीच टॅब उघडली नव्हती. प्राण्यांचं वर्गीकरण तेवढं वाचलं होतं.

शेवटची पायरी वहीची. वापरलेल्या प्रत्येक पानाची चार ओळींची नोंद. परवाचीच उतरवते:

चंद्राच्या कला, सहावी. पान परदेशी, रेखाटनं सुरेख, जाहिरात नाही, दुसऱ्या टॅबमध्ये विद्यापीठाचा दुजोरा. चाललं: चेंडू आणि विजेरीचा खेळ. अडलं: कोर उभी दाखवली आहे, तिघांनी “आमच्याकडे आडवी असते” म्हटलं, बरोबर म्हटलं. पुढच्या वर्षी: आधी शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी घराच्या अंगणातून कोर वहीत काढून आणायची, मग पान उघडायचं.